सोड म्हणजे काय

संघाचा बचाव खेळाडूंच्या पायांत नसतो, तो नेतृत्वाच्या छातीत असतो. फुटबॉल क्लबच्या अध्यक्षांनी हे वाक्य स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हटलं. दोन मोसमांत हेच वाक्य ते तिसऱ्यांदा म्हणत होते. आधीच्या दोन वेळी ज्यांच्या छातीत तो बचाव होता, ते दोन्ही कोच आता भिंतीवर फ्रेममध्ये होते. तिसरे, ज्यांना पहिल्याच दिवसापासून सगळे मास्तर म्हणू लागले, ते त्या फ्रेमांखाली पुष्पगुच्छ सावरत बसले होते. दुसऱ्या फ्रेमच्या शेजारी सुताराने आणखी एक खिळा ठोकून ठेवला होता. सारखी सारखी शिडी कोण आणणार, असं चिटणीसांचं म्हणणं होतं.

कप्तान शेवटच्या रांगेत बसून त्या खिळ्याकडे बघत होता.

चौतीस वर्षांचा हा गडी संघाचा स्टॉपर होता. गोलकीपरच्या पुढे उभं राहायचं आणि येईल ते अडवायचं, हे त्याचं बारा वर्षांचं काम. लोक त्याला भिंत म्हणत. गेल्या मोसमापर्यंत कौतुकाने म्हणत. आता पेपरात 'भिंतीला भगदाड' आलं, मग 'भिंत खचली' आलं, आणि एका वार्ताहराने तर भिंतीला ओल आल्याचंही लिहिलं. त्याच्या पाठीमागे गोलमध्ये उभा राहणारा गोलकीपर, ज्याला सगळे पंजा म्हणत, हा त्याचा सख्खा मेहुणा. लग्न ठरेपर्यंत म्हणून बहिणीकडे राहायला आलेला, आणि आता लग्नाचा विषय निघाला की अंघोळीला जाणारा.

मास्तर भला माणूस. साठीला आलेला, आवाज न चढवणारा. आल्या आल्या त्यांनी दोघांना जवळ बोलावून सांगितलं, "तुमचं तुम्हाला नीट कळतं. आधी जसं चालू होतं तसंच चालू द्या." दोघांनी माना हलवल्या. एवढंच काय ते घडलं.

त्यानंतर सहा मॅच झाल्या आणि चौदा गोल खाल्ले. गोल दोनच प्रकारचे होते. पहिल्या प्रकारात चेंडू भिंत आणि पंजा यांच्या मधोमध यायचा, दोघेही त्याच्याकडे पाहुण्यासारखे बघत राहायचे, आणि समोरचा स्ट्रायकर मधून येऊन तो जाळीत पोचवायचा. दुसऱ्या प्रकारात दोघेही एकदम झेपावायचे, एकमेकांवर आदळायचे, आणि मोकळा चेंडू समोरचा स्ट्रायकर त्याच जाळीत त्याच पद्धतीने पोचवायचा. भिंतीच्या कपाळावर टेंगूळ होतं, पंजाचा ओठ सुजला होता. इमारतीच्या तळमजल्यावरचा चष्मेवाला रोज जिन्यात अडवून सांगायचा, की दोघांचेही डोळे फुकट तपासून देतो, संकोच करू नका.

पेपरांनी निदान केलं: नेतृत्वाचा पेच. कार्यकारिणीची बैठक शुक्रवारी ठरली. बैठक कशासाठी आहे हे मास्तरांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. नंतर कळलं, की त्यांनाही माहीत होतं.

त्याआधीच्या रविवारी भिंतीच्या बायकोने कपाट हलवायचं काढलं. ती मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. आठवड्यातून एकच सुट्टी मिळायची आणि ती अशी सार्थकी लावायची. कपाट लाकडी, आरशाचं, या खोलीतून त्या खोलीत न्यायचं. एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला भाऊ, मध्ये ती स्वतः 'डावीकडे घ्या, माझी डावी' असं सांगत. उंबऱ्यापाशी भिंतीची पकड सुटायला लागली. तो म्हणाला, "सोड."

त्यानेही सोडलं आणि पंजानेही सोडलं.

आरसा फुटला. ओरडणं तिच्या स्वभावात नव्हतं. थिएटरमध्ये ओरडून चालत नाही. तिने चपला घातल्या, काचा ओलांडून दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि विचारलं, "सोड म्हणजे काय?"

"सोड म्हणजे मी सोडतोय, तू घे," भिंत म्हणाला.

"सोड म्हणजे तू सोड, मी घेतो," पंजा त्याच क्षणी म्हणाला.

मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"मॅचमध्येही हेच ओरडता?" तिने विचारलं.

पंजा खाली काचांकडे बघत म्हणाला, "ताई, दाजी सोड म्हणाले की मी थांबतो. मोठे आहेत. घेतील असं वाटतं."

हळूहळू सगळं उलगडलं. पहिल्या कोचने शिकवलं होतं, की जो 'सोड' म्हणेल त्याने चेंडू घ्यायचा आणि दुसऱ्याने बाजूला व्हायचं. दुसऱ्या कोचने आल्याबरोबर हे मोडीत काढलं. 'सोड' म्हणजे 'सोडला', म्हणजे ओरडणारा सोडतो आणि दुसरा घेतो, असं त्याने फळ्यावर बाण काढून बसवलं. चार महिने तो होता आणि नेमके तेच चार महिने पंजा मोडलेलं बोट घेऊन घरी सोफ्यावर होता. तो परत आला तेव्हा मास्तर आले होते, आणि मास्तर म्हणाले होते, आधीसारखंच चालू द्या. भिंतीचं 'आधी' वेगळं होतं, पंजाचं 'आधी' वेगळं. भिंत 'सोड' म्हणाला की दोघेही सोडत, पंजा 'सोड' म्हणाला की दोघेही घेत. चौदा गोलांचा हिशेब तिथल्या तिथे लागला.

"आमच्याकडे सर्जन 'सोड' म्हणाले की चिमटा सोडायचा," बायको म्हणाली. "कोणी आणि कुठला, ते पोट उघडायच्या आधी ठरलेलं असतं. तुम्ही दोघं एका घरात राहता, एका ताटलीतून एकमेकांचं उचलून खाता, आणि सहा मॅचमध्ये एकदाही एकमेकांना विचारलं नाहीत?"

भिंतीकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. प्रत्येक गोलनंतर त्याला वाटायचं, मेहुणा झोपा काढतोय. पण बायकोच्या भावाला कसं बोलायचं. पंजाला वाटायचं, दाजींचं वय झालं. पण दाजींना कसं बोलायचं. घरातली शांतता टिकावी म्हणून दोघांनी चौदा गोल पोटात घातले होते.

बुधवारी सरावात त्यांनी 'सोड' या शब्दावर बंदी घातली. मी घेणार असेन तर 'माझा', तू घ्यायचा असेल तर 'तुझा'. शेंबड्या पोरालाही कळेल असं. मास्तरांनी मधोमध चाळीस चेंडू टाकायला लावले. एकही सुटला नाही, एकदाही टक्कर झाली नाही. मास्तरांनी शिट्टी तोंडातून काढली. मग म्हणाले, "मी त्या दिवशी 'आधी' म्हणजे कधी, ते सांगायला हवं होतं." भिंत त्यांना म्हणाला, की शुक्रवारी बैठकीत मीच बोलतो, चूक आमची आहे, तुमची नाही. मास्तर म्हणाले, नको, तू तुझं बघ. भिंतीला ते पटलं नाही. दोन माणसांच्या एका शब्दापायी तिसऱ्याच्या नावाला काळं लागावं, हे त्याच्या डोक्यात बसेना.

शुक्रवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून कार्यकारिणीपुढे उभा राहिला. टेबलावर पाण्याचे पेले होते, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर ओल्या कागदात गुंडाळलेला नवा पुष्पगुच्छ. तो बघूनच खरं तर त्याने परत फिरायला हवं होतं. पण त्याने कपाटापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. चाळीस चेंडूंचं सांगितलं. मास्तरांना आणखी दोन मॅच द्या, एवढंच मागितलं.

अध्यक्षांचा फरशीचा कारखाना होता. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, की आमच्याकडे फरश्या तडकायला लागल्या की आम्ही मॅनेजर बदलतो.

"मग तडकायच्या थांबतात?" भिंतीने विचारलं.

"मॅनेजर बदलतो ना," अध्यक्ष म्हणाले, जणू समोरच्याला एकदा सांगून कळलं नव्हतं.

चिटणीस इतिवृत्त लिहीत होते. त्यांनी 'संवादाचा अभाव' असं लिहून त्याखाली रेघ मारली, आणि मान वर न करता विचारलं, की हा जो शब्द, तो ओरडत कोण होतं. भिंत म्हणाला, मी आणि माझा मेहुणा. "म्हणजे मास्तर नाहीत," चिटणीस म्हणाले. भिंतीला हायसं वाटलं. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला होता. तो म्हणाला, "तेच तर सांगतोय."

"म्हणजे नेतृत्वाचा दोष आम्ही समजत होतो त्याहून खोल आहे," चिटणीस म्हणाले, आणि लिहू लागले.

पंधरा मिनिटांत ठराव झाला. मास्तर गेलेच, सोबत कप्तानाची पट्टीही गेली आणि स्टॉपरची जागाही. प्रामाणिकपणे पुढे येऊन चूक कबूल केल्याबद्दल भिंतीचं अभिनंदन करणारा वेगळा ठराव एकमताने संमत झाला. भिंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शब्द बदलला आहे, भोक बुजलं आहे, आता कोणालाही काढायची गरज नाही, हे त्याने तीनदा तीन तऱ्हांनी सांगितलं. चौथ्यांदा सांगताना शिपायाने त्याच्यापुढे चहा ठेवला, याचा अर्थ विषय संपला होता. जाताना मास्तर त्याला फाटकापाशी भेटले. पुष्पगुच्छ त्यांच्या हातात होता. "हा तरी घरी ने," ते म्हणाले. "मागचा अजून बादलीत आहे."

पट्टी पंजाला मिळाली. तो दोन दिवस ती खिशात घालून फिरला, जेवताना मान खाली घालून जेवला. शेवटी बहिणीने ती त्याच्या खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि नवऱ्याकडे बघितलं. भिंतीने ती उचलून मेहुण्याच्या दंडावर चढवली. "घे," तो म्हणाला. "घे म्हणजे घे. याचे दोन अर्थ होत नाहीत."

चौथे कोच सूट घालून आले. त्यांच्या स्वागताला अध्यक्षांनी छातीवर हात ठेवून तेच वाक्य म्हटलं. या वेळी टाळ्या भरपूर पडल्या, कारण वर्गणीदारांना जेवण होतं. मास्तरांची फ्रेम खिळ्यावर बसली होती आणि तिच्या शेजारी नवा खिळा चमकत होता. सरावाच्या पहिल्या दिवशी चौथ्यांनी पंजाला 'माझा' ओरडताना ऐकलं आणि खेळ थांबवला. माझा-तुझा ही भाषा संघभावनेला मारक आहे, असं त्यांनी सांगितलं. इथे काहीही माझं नाही, काहीही तुझं नाही. यापुढे मैदानात एकच शब्द: 'आपला'.

"चेंडू आला की 'आपला' म्हणायचं?" पंजाने विचारलं.

"अभिमानाने," चौथे म्हणाले.

"आणि मग घ्यायचा कोणी?"

चौथ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, की अशाच मनोवृत्तीमुळे चौदा गोल झाले.

भिंत बाकड्यावर, राखीव खेळाडूंत बसून हे ऐकत होता. तो उठला, मैदानात गेला, आणि मास्तरांच्या चाळीस चेंडूंची गोष्ट त्याने पाचव्यांदा सांगायला घेतली. चौथ्यांनी त्याला हसून मैदानाला दहा फेऱ्या मारायला सांगितलं. त्याने मारल्या. रागावलेला माणूस चांगला पळतो, त्या दिवशी त्याची वेळ पंचविशीतल्या पोरांपेक्षा कमी भरली.

रविवारी मॅच झाली. भिंत बाकड्यावर, बायको प्रेक्षकांत, पंजा गोलमध्ये, आणि भिंतीच्या जागी चौथ्यांनी स्वतःबरोबर परदेशातून आणलेला नवा स्टॉपर. चेंडू दोघांच्या मधोमध अकरा वेळा आला. भिंतीने मोजलं. अकराही वेळा पंजा कप्तानाच्या कर्तव्याला जागून, घसा फुटेपर्यंत 'आपला' ओरडला आणि जागच्या जागी थांबला. अकराही वेळा नव्या स्टॉपरने मागे वळूनही न बघता चेंडू लाथेने प्रेक्षकांत धाडला. एकदा तो चष्मेवाल्याच्या मांडीवर पडला. गोल एकही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'नेतृत्व बदललं, बचाव सावरला'. अध्यक्षांनी कात्रण फ्रेम करून घेतलं आणि ते त्या नव्या खिळ्यावर लावायला सांगितलं. चिटणीसांनी इतिवृत्तात नोंद केली, की 'आपला' या एका शब्दाने संघ बांधला गेला.

नव्या स्टॉपरला आपली भाषा येत नव्हती.