आईच्या रकान्यात

रविवारी जेवताना लुसिमाराने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "आई, बुधवारी वकीलबाईंकडे जायचंय. तुलाही यावं लागेल."

"मला कशाला? अमेरिकेला तू चाललीस."

"केमिलीच्या कागदासाठी."

भेंडी घातलेल्या कोंबडीचा रस्सा मी केमिलीच्या ताटात वाढला आणि डाव पातेल्यात टाकून दिला. कागदासाठी म्हणजे कशासाठी, ते मला कळलं होतं.

आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. केमिली लुसिमाराच्या पोटची. लुसिमाराला पंधराव्या वर्षी दिवस गेले, आणि पोट दिसायच्या आत बाळाच्या बापाने, त्या पोराने, अमेरिकेत घुसायला मेक्सिकोची वाट धरली, आमच्या वालादारिस गावची पोरं धरतात तशी. बाळंतपण घरातच झालं. मी आणि माझा नवरा, तेव्हा हयात होता तो, नोंदणी कचेरीत गेलो आणि मूल आमचं म्हणून लिहून आलो. कारकून माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिला.

"या वयात, दोना ऑर्मेझिंदा?"

"बायबलातली सारा माझ्याहून म्हातारी होती," मी म्हटलं आणि अंगठा उठवला.

लुसिमारा परत शाळेत गेली. तिच्याकडे कोणी बोट दाखवलं नाही. आज पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. लिहायला-वाचायला मी पुढे साठीजवळ शिकले, चर्चच्या मागच्या खोलीत. सबंध वाचलेला पहिला कागद केमिलीचा जन्मदाखला. आईच्या रकान्यात माझं नाव होतं, पूर्ण.

लुसिमारा मोठी होऊन बेलो ओरिझोन्तेला इस्पितळात कामाला लागली. सणावारी यायची, केमिलीला बूट आणायची. मग एका डिसेंबरात ग्लेनला घेऊन आली. बोस्टनजवळच्या कुठल्या गावात घरं रंगवणारा, उन्हात कोळंबीसारखा लाल होणारा माणूस. इथल्याच कचेरीत लग्न लागलं. तो परत गेला आणि बायकोसाठी अर्ज टाकला. अर्ज पुढे सरकला, तशी लुसिमारा नोकरी सोडून घरी राहायला आली. मुलीचा अडला.

वकीलबाईंच्या टेबलावर अमेरिकेचा छोटा झेंडा होता. व्हिसाचीच कामं करतात त्या. दाखल्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "या कागदाप्रमाणे केमिली तुमची मुलगी. म्हणजे लुसिमाराची बहीण. अमेरिकन नवऱ्याला बायकोचं मूल नेता येतं. मेहुणी नेता येत नाही."

"मग मेहुणीने इथेच राहावं," मी म्हटलं.

लुसिमाराने माझ्या गुडघ्यावर हात दाबला. प्रेमाने नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "न्यायाधीशांपुढे जाऊन सांगायचं, नोंद चुकीची होती. तिघींची थुंकी तपासतील. तुम्ही हो म्हणालात तर वर्षाच्या आत दाखला बदलेल. भांडलात, तर मुलगी मोठी होईल आणि तिची वेळ निघून जाईल. तुरुंगाला भिऊ नका, दोना ऑर्मेझिंदा. चांगल्या हेतूने केलेलं असलं की न्यायाधीश माफ करतात."

"मी भ्यालेय असं तुम्हाला वाटलं?"

"मग अडचण काय आहे?"

"शपथ घेऊन सांगू, की केमिलीची आई मी नाही? तिच्या उवा काढल्या मी. ताप आला की उशाशी बसले मी. आणि आता एका रंगाऱ्यासाठी मी कोणीच नाही?"

"आजी आहेस, एवढंच सांगायचंय!" लुसिमारा ओरडली. "आजी असणं गुन्हा आहे का?"

"गुन्हा तर कागदात आहे, असं या बाई म्हणतात."

बाहेर रस्त्यावर लुसिमाराने मला गाठलं. बाजारातली माणसं थांबून ऐकत होती, पण तिला पर्वा नव्हती.

"सांभाळलंस म्हणून ती तुझी मालमत्ता झाली का गं?"

"सांभाळते ती आई."

"मला सांभाळू दिलंस तू? मी तिला पाजत असले आणि दाराशी कोणी आलं की ओढून घ्यायचीस माझ्या छातीपासून."

"गल्लीने बघू नये म्हणून."

"गल्लीला सगळं माहीत होतं, आई! न मानणारी तू एकटीच होतीस."

मी भाजी घेतली आणि पायी घरी आले. ती बसने आली.

मग ग्लेनचा व्हिडिओ फोन यायला लागला. लुसिमारा तो माझ्या तोंडासमोर धरायची. शिडीवर उभा, नाकावर रंग. आमची भाषा तो दगड उचलावेत तशी बोलतो.

"सासूबाई, खोली तयार. केमिलीची. भिंत जांभळी."

"जांभळ्यावर पांढरा बसतो की नाही, जावईबापू? तुम्ही तर रंगारी."

त्याला कळलं नाही, तो हसला. मी फोन कसाव्याच्या पिठात पालथा घातला. लुसिमारा तो पुसत म्हणाली, "तुझ्या पोटात नुसतं विष आहे." मी म्हटलं, "त्याच पोटातून तू आलीस. ती नाही आली, एवढंच ना?" त्यानंतर बरेच दिवस आम्ही भिंतीशी बोलल्यासारखं एकमेकींशी बोललो.

एका सकाळी मी बिस्किटं भाजत होते. केमिली तवे पुसत होती. लुसिमाराला ती लू म्हणायची आणि मला आई. तेव्हापर्यंत.

"आई, तू कोर्टात हो म्हटलंस तर मला जाता येईल ना?"

"तुला जायचंय?"

"मला लूजवळ राहायचंय."

"आणि मी?"

"तू सुट्टीत यायचं."

"बिस्किटं विकणाऱ्या म्हातारीला कोण व्हिसा देतंय?"

"म्हणजे नाही?"

"नाही."

तिने हातातला तवा आपटला नाही, हलकेच खाली ठेवला. आपटला असता तर मी ओरडले असते, आणि ते बरं झालं असतं.

लुसिमारा मुलाखतीला रिओला एकटीच गेली. परत आली ती दारातूनच बोलायला लागली. रक्त काढलं, छातीचा फोटो काढला, दंडात सुया टोचल्या. मग कॉन्सुलेटच्या खिडकीत काचेपलीकडच्या माणसाने विचारलं, नवऱ्याची ओळख कुठे झाली, तो काम काय करतो, सासू कुठे राहते. शेवटी विचारलं, मुलं किती?

"मग? काय सांगितलंस?"

"एक, म्हटलं. कागदावर माझी बहीण आहे. त्याने लिहून घेतलं. म्हणाला, कागद नीट झाला की तिचं बघू. मी परक्या माणसापुढे, हात वर करून, खरं बोलले, आई. तुला तुझ्या स्वतःच्या गावात जमत नाही."

पासपोर्ट आला. त्यात एकीचाच व्हिसा होता. मला वाटलं होतं ती थांबेल. मुलीला सोडून जाणार नाही, असं मी स्वतःशी धरून चालले होते.

"तिकडून लढेन," बॅग भरताना ती म्हणाली. "कोर्टात तू आडवी झोपलीस तरी लढेन."

"लढ की. तोवर तिचीच पोरं शाळेत जातील."

"तुला हेच हवंय ना? ती म्हातारी झाली तरी चालेल, पण तुझी राहिली पाहिजे."

मी तिची बॅग दाबून चेन लावली. बोलले असते तर हो म्हणावं लागलं असतं.

बसस्टँडवर ती आणि केमिली एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून उभ्या होत्या. मी बिस्किटांचा डबा धरून बाजूला होते. बस सुटायच्या वेळी मी डबा पुढे केला. लुसिमाराने तो घेतला, बाकावर ठेवला आणि बसमध्ये चढली. तो मीच परत आणला.

त्या दिवशी जेवताना केमिलीने वर न बघता म्हटलं, "आजी, मीठ दे."

मला वाटलं चुकून आलं तोंडात.

"काय म्हणालीस?"

"मीठ, आजी."

मी मीठ दिलं. दुसऱ्या दिवशी दुकानात तेच, चर्चच्या पायऱ्यांवर तेच. शेजारणींपुढे तर जरा मोठ्यानेच. मी ओ दिली नाही तर पुन्हा हाक मारत नाही, समोर येऊन उभी राहते. एकदा मी म्हटलं, "जीभ उपटीन." ती म्हणाली, "न्यायाधीशांना सांग." लुसिमाराचा फोन आला की खोलीचं दार लावून घेते. आतून हसण्याचा आवाज येतो. माझ्याशी बोलताना तो आवाज लागत नाही तिचा.

गेल्या आठवड्यात शाळेत पालकांना बोलावलं होतं. नव्या वर्गशिक्षिका, तरुण पोरगी. "आई आल्यात वाटतं?" असं हसून म्हणाली.

"आजी आहे ही," केमिली म्हणाली.

बाईंनी कागद पाहिला, मला पाहिलं. "इथे तर आई म्हणून..."

"ते खोटं आहे. सगळ्यांना माहीत आहे. हिलासुद्धा."

मागच्या बाकांवरचे आईबाप माना उंचावून बघायला लागले. बाईंचे कान लाल झाले. त्यांना कुठे बघावं ते कळेना.

"सही कुठे करायची?" मी विचारलं.

त्यांनी बोटाने दाखवलं. एक रकाना आईचा होता, त्याखालचा इतर नातेवाइकांचा. पेन त्यांनी मधेच धरलं होतं, मला हवं तिथे नेता यावं म्हणून.

मी वरच्या रकान्यात सही केली. एकेक अक्षर दाबून, कागद पलीकडून उठेल इतकं. पूर्ण नाव लिहायला मला वेळ लागतो. केमिली खिडकीबाहेर बघत उभी होती. नाव लिहून होईपर्यंत तिने एकदाही मान वळवली नाही.