चष्मेवाल्याने पुसलेलं भिंग

मी बोलतोय. इकडेतिकडे पाहू नका. बैठकीतल्या बुटक्या कपाटावर काळ्या पत्र्याचा जाडजूड डिस्क प्लेअर दिसतोय ना, तोच मी.

माझी जुळणी माणसांच्या हातांनी झाली. अंगावर जाड पत्रा आणि पोटात विटेएवढा ट्रान्सफॉर्मर. मला उचलणाऱ्याची कंबर धरायचीच! दुकानात होतो तेव्हा डिस्क ठेवायचा माझा खण असा अलगद बाहेर यायचा की दुकानदार गिऱ्हाइकांना तो पुन्हा पुन्हा उघडून दाखवायचा. साहजिकच माझं स्वतःबद्दलचं मत फार चांगलं होतं.

एका चष्मेवाल्याने मला घरी आणलं. माणूस हौशी आणि स्वच्छतेचा भोक्ता. पाहुण्यांशी बोलता बोलता त्यांचा चष्मा काढून घेऊन पुसून द्यायचा. त्याला एक धाकटा भाऊ होता. वडिलांचं दुकान सोडून तो बस चालवायला गेला आणि तेव्हापासून दोघांचं जे बिनसलं ते बिनसलंच. तरीही दर रविवारी भाऊ यायचा. दोघं माझ्यासमोर बसायचे. एक म्हणायचा, "लाव." डिस्क संपली की दुसरा म्हणायचा, "येतो." संभाषण संपलं! पण मी वाजत असताना दोघांचे पाय एकाच ठेक्यावर हलायचे. ते फक्त मला दिसायचं.

आम्हा महागड्यांचं दुखणं तसं साधंच असतं. आवाज वर्षानुवर्षं टिकतो. दगा देतं ते हलणारं, सरकणारं, फिरणारं. आधी माझ्या खणाचा रबरी पट्टा सैल पडला. खण अर्ध्यावर अडायचा, मग वहिनी, म्हणजे चष्मेवाल्याची बायको, त्याला बोटाने हलकेच टेकू द्यायची. पुढे गाणं मधेच उड्या मारू लागलं.

चष्मेवाल्याने माझं झाकण उघडलं. आत डिस्क वाचणारं इवलंसं भिंग पाहून त्याचा चेहरा खुलला. भिंग! म्हणजे त्याचा हातखंडा विषय. दुकानातलं चष्मे पुसायचं पाणी आणलं, मऊ फडकं घेतलं आणि चष्म्याची काच चोळावी तसं चांगलं दाबून चोळलं. बिचाऱ्याला काय ठाऊक, माझं भिंग प्लास्टिकचं आणि केसासारख्या तारांवर तोललेलं!

त्यानंतर मला डिस्क दिसेनाशी झाली.

पुढच्या रविवारी भाऊ आला, माझ्याकडे पाहिलं, उभ्याउभ्याच पाणी प्यायला आणि गेला. मग यायचाच थांबला. रविवार आला की चष्मेवाला उगाच दारापर्यंत जाऊन यायचा.

"अहो, फोन करा ना त्याला," वहिनी म्हणाली.

"काय सांगू? गाणं नाही, तरी ये?"

"हो, तेच सांगा!"

"माझ्याच्याने नाही व्हायचं."

शेवटी वहिनीनेच मेकॅनिकला बोलावलं. त्याने आत डोकावून विचारलं, "भिंग दुधाळलंय, तारा वाकल्यात. कोणी हात लावला होता?"

"हात? आंघोळ घातली यांनी त्याला!" वहिनी म्हणाली. चष्मेवाला छताकडे पाहू लागला.

"हा भाग आता बनत नाही," मेकॅनिक म्हणाला. "पण अगदी हाच भाग साध्या, स्वस्तातल्या प्लेअरमध्येही घालायचे. तसा जुना कुणाकडे असेल तर बघा."

मी मनातून खचलो. एवढा पत्रा, एवढा थाट, आणि काळीज स्वस्तातल्यांसारखंच?

वहिनीने दिराचा नंबर लावून फोन नवऱ्याच्या हातात दिला. त्याने घसा दोनदा साफ केला. "छोट्या... तुझ्याकडे तो लाल प्लेअर आहे ना अजून?"

भाऊ तासाभरात हजर! काखेत लाल प्लास्टिकचा, खरचटलेला प्लेअर.

"दादा, याला डबडं म्हणाला होतास तू."

"डबडंच आहे ते."

"मग नेऊ परत?"

"बस खाली! पण तुझ्याकडे ऐकायला काय राहील?"

"ते बघू नंतर. आणि हे बघ, तू हात लावायचा नाहीस. मेकॅनिकला लावू दे."

वहिनी इतकी हसली की मेकॅनिकच्या हातातला स्क्रू खाली पडला. मग दोघे भाऊ गुडघे टेकून तो शोधत बसले. "तुझ्या बाजूला बघ." "तू सरक ना जाडोबा." इतकी वर्षं अडलेलं बोलणं त्या सतरंजीवर सुरू झालं.

आज मी ठणठणीत आहे. उसन्या काळजाची लाज कधीच गेली. वाजतं आहे ना, बास! भाऊ आता रविवारची वाट पाहत नाही. घरी त्याच्याकडे ऐकायला काही उरलेलं नाही, म्हणून ड्यूटी संपली की गणवेशातच येतो. कधी कधी डिस्क संपून जाते आणि यांच्या लक्षातही येत नाही, एवढे भांडत असतात.

माझी मोटरही एक दिवस थकेल. तुमच्या घरातलंही काही ना काही थकेल. टाकून देऊ नका, उघडा. फक्त एकट्याने उघडू नका. कुणाला तरी हाक मारा.