अवेळी छाटणी

बायको गेली आणि मागच्या दारचं हनीसकलचं झुडूप शिंप्याच्या गळ्यात पडलं. गावाबाहेरच्या डोंगरात उगवणारंच ते. तिनेच रोपटं आणून लावलेलं. 'माझं रानटी' म्हणायची ती त्याला. शिंप्याने झुडपाकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. पण तिच्यामागे तिचं म्हणून जिवंत असं तेवढंच उरलं होतं. ते आपल्या हातून मरू नये, एवढाच त्याला घोर.

थंडी सरता सरता त्याला त्या वेड्यावाकड्या फांद्या बघवेनात. चाळीस वर्षं कैचीवर जगलेला माणूस. त्याने टेप लावली, दोरी ताणली आणि झग्याचा घेर कापावा तशा सगळ्या फांद्या एका मापात आणल्या.

"आता कसं," तो स्वतःशीच म्हणाला. ऐकायला घरात दुसरं होतं कोण?

पानं फुटली. फुलांचे दिवस आले नि गेले, पण औषधाला एक कळी नाही. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने मेहुणीला बोलावून घेतलं. तीही बहिणीसारखीच, झाडाझुडपांत रमणारी. जीभ तेवढी तिखट.

"अहो भाऊजी, हे झुडूप आहे की शर्टाची बाही?"

"नीटनेटकं केलं ना."

"डोंबलाचं नीटनेटकं! याला फुलं येतात मागच्या वर्षीच्या फांद्यांवर. त्याच तुम्ही केरात घातल्या. ताई फुलं गळून गेल्यावर छाटायची, तेही दोन-चार जुनी खोडं, बुंध्यापासून. कधी बघितलं नाहीत?"

खरंच बघितलं नव्हतं. मशीनवरून मान वर केली असती तर ना.

"मरेल का गं?"

"रानटी ते. तुमच्या कैचीला कुठलं भीक घालतंय! आता हात लावू नका. पुढच्या वर्षी फुलेल."

"तोवर मी असलो तर."

"नसायला काय झालं? कुठे जायचंय तुम्हाला?"

तो हसला. हसल्यावर त्याला ओशाळल्यासारखं झालं.

जाताना तिने बजावलं, "पाणी आठवड्यातून एकदाच. लाडाने रोज ओताल तर मुळं कुजतील."

ती गेल्यावर त्याने बुंध्याशी दोन बादल्या ओतल्या. मातीने पाणी पिऊन टाकलं. काम संपलं. आता आठवडाभर करण्यासारखं काही नव्हतं. त्याने बाहेर खुर्ची टाकली आणि बसला. फुलांना अजून अकरा महिने होते.