माझा वाकडा टाका

मी एक जुनी काळी पट्टी आहे. मित्रांनो, हसू नका! माझा जन्म घाटकोपरच्या सहदेवांच्या मोडक्या छत्रीतून झाला असला, तरी मी एका मुलीला तिचा डोळा मिळवून दिला आहे. किती चिंध्यांना असं सांगता येईल?

गोष्ट १९८६ सालची. सहदेवांची शकु तेव्हा सहा वर्षांची होती. शाळेतल्या तपासणीत तिचा उजवा डोळा झाकला, तर तिला समोरच्या तक्त्यावरचं एकही अक्षर वाचता येईना. डावा डोळा दिसायला धडधाकट, पण सगळं काम एकटा उजवाच करत होता. मेंदूने डाव्याचं ऐकणंच सोडून दिलं होतं. डॉक्टर मृणालिनीबाईंनी चष्मा दिला आणि बजावलं, "हा आळशी डोळा. रोज चार तास चांगला डोळा झाका, म्हणजे हा कामाला लागेल. आत्ताच करा हं, मोठेपणी फार कठीण जातं."

शकुच्या आईने, जानकीने, त्याच दिवशी मला शिवलं आणि नाडी लावली. पण शकुची रुक्मिणीआत्या तिथेच बसली होती.

"मोडल्या पायाक पलास्टर घालतत ना?" ती म्हणाली. "मगे आजारी डोळो सोडून चांगलो कित्याक झाकतंस गो?"

जानकीला ते पटलं आणि मी डाव्या डोळ्यावर जाऊन बसले. शकुही खूश, तिला सगळं लख्ख दिसत होतं! मला कळत होतं, पण बोलणार कशी? ज्याला जागं करायचं, त्यालाच मी झोपवत होते. असे तीन महिने गेले. त्यांची मला अजून लाज वाटते.

पुढच्या तपासणीत फरक शून्य. डॉक्टरबाईंनी शकुलाच मला बांधायला सांगितलं आणि बघून कपाळावर हात मारला. जानकीने घाबरत पलास्टरचं सांगितलं.

"अहो, हा मोडलेला पाय नाही, बसून राहिलेला आहे. त्याला चालवायला नको का?"

त्या दिवसापासून मी उजव्या डोळ्यावर. शकु दारावर आपटली, रडली आणि तिने मला मोरीत फेकलं. मला उचललं ते आत्याने. धुऊन, वाळवून तिनेच मला पुन्हा बांधलं. "चूक माझी, मीच निस्तरतलंय," म्हणाली आणि तिने शकुपुढे सुपात तांदूळ ठेवले. "खडे वेच बाय."

रोज खडे वेचणं सुरू झालं. सुरुवातीला निम्मे खडे तांदळातच राहत. दाताखाली खडा आला, तरी सहदेव मुकाट जेवत. हळूहळू त्यांच्या दातांना सुख लागलं.

वर्षभराने माझी नाडी तुटली. शकुने उजवा डोळा घट्ट मिटला आणि सुईदोरा हातात धरला. एकदा हुकलं, दोनदा हुकलं.

"आत्या, ओवला! डाव्याने ओवला!"

आत्या ढसाढसा रडली. उजवा डोळा मिटलेलाच ठेवून शकुने माझी नाडी शिवली.

मित्रांनो, तुम्हीही एकेक डोळा झाकून बघा. एकाने धूसर दिसलं, तर लपवू नका, लगेच मोठ्यांना सांगा. आणि पट्टी बांधलेलं कुणी दिसलं, तर चिडवू नका. त्याचा डोळा शाळेत जातोय.

आता मी शिवणाच्या डब्यात असते. माझा टाका वाकडा आहे, पण तो कुणी उसवू नका. तो शकुच्या डाव्या डोळ्याने घातला आहे.