डावीकडचा पितांबर

"यामा मीच वाजी ऱ्हायनू," कानावरचे हेडफोन दाबत अभिमन म्हणाला. "मना भाऊ कोठे शे?"

अभयकुमार चक्रावला. जळगावातल्या त्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात सकाळपासून हीच खटपट चालली होती. त्याच्या बहिणीच्या, मंजूच्या लग्नात शिंदखेड्याचा बँड आला होता. ट्रम्पेटवर अभिमन, क्लॅरिनेटवर त्याचा थोरला भाऊ पितांबर. दोघांच्या तोंडाशी एकेक माइक धरून हौशी अभयकुमारनं त्यांचे सवाल-जवाब टेप केले होते. काय वाजवायचे दोघं! मांडवातली माणसं पंगत सोडून उठायची.

आता पितांबर नव्हता. अभिमनजवळच्या कॅसेटचा वाजवून वाजवून पार चोथा झाला होता. भावाचं वाजवणं एकदा, एकदाच स्वच्छ ऐकायचं, एवढ्या आशेवर तो एसटीनं इथवर आला होता. अभयकुमारनं मूळ टेप कॉम्प्युटरमध्ये भरली, पण कॉम्प्युटरच्या आवाजात घरघर फार. मग त्यानं मुंबईहून आणलेला कन्व्हर्टरचा डबा जोडला.

"नाना, कॉम्प्युटरचा आवाज फुल्ल ठेवलाय, बास-ट्रेबलचे नखरे सगळे बंद. आतले आकडे जसेच्या तसे या डब्यात जातात आणि आवाज इथं तयार होतो. याहून स्वच्छ आणखी काय पाहिजे?"

"स्वच्छ शे रे बापा. पन भाऊ नही ना!"

अभयकुमारनं हेडफोन स्वतःच्या कानांना लावले. क्लॅरिनेट लख्ख वाजत होतं. "हे काय, डावीकडे पितांबरभाऊ, उजवीकडे तुम्ही. एकाचा सूर दुसऱ्यात जरासुद्धा मिसळत नाही!"

अभिमननं मान खाली घातली. जन्मभर ढोलाला खेटून उभं राहून त्याचा डावा कान कामातून गेला होता. घरच्या टेपवर सगळी खिचडीच असायची, म्हणून आजवर निभावलं. पण वाजवणाऱ्यानं बहिरा झालो म्हणून सांगायचं तरी कुठल्या तोंडानं? त्यानं हेडफोन घेतले आणि उलटे घातले.

"भाऊ..."

पितांबर उजव्या कानात आला. सुराआधी छाती भरून घेतलेला तो श्वाससुद्धा आला. अभिमनच्या डोळ्यांना धार लागली. सवाल संपला आणि उजव्या कानात एकदम सगळं गप्प झालं.

त्याचा चेहरा बघून अभयकुमार घाबरला. "काय झालं नाना? बंद पडलं का?"

अभिमननं हात वर करून त्याला थांबवलं.

"नही. आते मनी पाळी शे."

आणि डोळे मिटून तो ट्रम्पेटच्या कळा दाबाव्यात तशी गुडघ्यावर तीन बोटं दाबू लागला.