आधी बंद करायला

समजा, तुम्ही बाळकुममधल्या एका मोकळ्या प्लॉटवर उभे आहात. रविवारची सकाळ, साडेसात वाजलेत. तीन बाजूंना उंच इमारती, त्यातली एक तुमची, आणि चौथ्या बाजूला बिल्डरने ठोकलेले निळे पत्रे. समोर भाजीवाल्याचं प्लास्टिकचं कॅरेट उलटं घातलंय आणि त्यावर एक ट्रक बसवलाय. बुटांच्या खोक्याहून थोडा मोठा, चारही चाकं अधांतरी. खेळणंच म्हणाल. पण त्याच्या पोटात लिंबाएवढं खरंखुरं इंजिन आहे आणि ते नायट्रोच्या इंधनावर चालतं. तुमच्या एका हातात रिमोट, दुसऱ्या हातात जाड चिंधी. आता सांगा बरं, आधी काय कराल?

अकरा वर्षांच्या पायलला हा प्रश्न तिच्या आजोबांनी आठ दिवसांत पन्नासदा तरी विचारला असेल.

"आधी रिमोट चालू, मग ट्रकचं बटण," पायल म्हणाली. "बंद करताना उलटं. आधी ट्रक, मग रिमोट."

"आणि उलटसुलट झालं तर?"

"तर ट्रक कुणाचंच ऐकणार नाही. आजोबा, चला ना आता! ऊन येईल."

"येऊ दे. घाई केली की इंजिन रुसतं."

शिवराम वागळे इस्टेटमधल्या एका पंपाच्या कारखान्यात चौतीस वर्षं इंजिनं तपासायला होते. साहेबलोक मीटर लावायचे, आकडे लिहून घ्यायचे आणि जाता जाता हळूच विचारायचे, "शिवराम, तुमचं काय म्हणणं?" शिवराम क्षणभर कान द्यायचे आणि सांगायचे, "दुसऱ्या नंबरचा वॉल्व्ह बघा." वॉल्व्हच निघायचा. निवृत्त झाल्यापासून मात्र त्यांचं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं. घरात गीझर बिघडला तरी मोबाइलवरून माणूस बोलावला जाई.

हा ट्रक त्यांच्या मुलाने, रवींद्रने, लग्नाआधी हौसेने घेतलेला. नंतर तो माळ्यावर गेला. पायलने तो शोधून काढला आणि शिवरामांनी उघडून, धुऊन, नवा प्लग घालून उभा केला. सुनेने, प्रीतीने, अट घातली होती. "बाबा, एक रविवार बघते. पोरीला जरा काही झालं, तर सोमवारी मी तो ऑनलाइन विकून टाकणार. मग मला काही बोलायचं नाही."

म्हणून पहिले चार दिवस इंजिनाला हातच लावला नाही. संध्याकाळी पार्किंगमध्ये शिवराम स्वतःच ट्रक व्हायचे. पायल बंद रिमोटचं चाक फिरवायची आणि ते तसे वळायचे. ट्रक पाठमोरा जाताना सगळं सोपं. पण तोंड आपल्याकडे करून येऊ लागला की त्याचा उजवा तो आपला डावा. पायलने आजोबांना दोनदा स्कूटीवर आदळवलं.

जुन्या गावातले नाथा पाटील ते बघून हसले होते. "काय र शिवराम, नातीनं तुझीच गारी केली का काय?"

"लायसन्स नाही अजून तिच्याकडे," शिवराम म्हणाले होते. "लांब राहा."

पाचव्या दिवशी त्यांनी चिंधी हातात दिली. "हे धुराडं. यावर चिंधी घट्ट दाबली की इंजिनाचा श्वास कोंडतो आणि ते बंद पडतं. ट्रक ऐकेनासा झाला की मला विचारत बसायचं नाही. दाबायची." गार इंजिनावर त्यांनी तिच्याकडून हे वीस वेळा करून घेतलं.

आज पायलने बूट घातले, डोळ्यांवर चष्मा चढवला. रिमोट चालू केला, मग ट्रक. पुढची चाकं डावीकडे, उजवीकडे वळवून पाहिली, ब्रेक पाहिला. शिवरामांनी टाकी भरली, बाटलीचं झाकण लावून ती दहा पावलं लांब ठेवली. प्लगवर तो तापवायची दांडी बसवली.

"चालू करायची दोरी वीतभरच ओढायची. जोरात नाही, झटकन."

तिसऱ्या झटक्याला ट्रक खोकला. पाचव्याला इंजिनाने धरलं. निळसर धूर निघाला आणि पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"लागला! आजोबा, लागला!"

शिवरामांनी दांडी काढली, छोटा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कान जवळ नेला. आवाज त्यांना बसका वाटला. इंधन जास्त होतंय. त्यांनी इंधनाचा स्क्रू थोडा आवळला. तरी बसकाच. अजून थोडा आवळला.

"आजोबा, आवाज वाढतोय."

"कुठे वाढतोय? चांगला सारखा आहे." त्यांनी दोन्ही हातांनी ट्रक उचलला. "चल, खाली सोडू."

"नको! आजोबा, तो ओरडतोय!"

रिमोटला कुणी हात लावला नव्हता, तरी चाकं गरगर फिरू लागली होती. मागचं चाक शिवरामांच्या बाहीला घासलं आणि कापडावर काळा पट्टा उमटला. पायलने पुढचं काही विचारलं नाही. चिंधी धुराड्यावर दाबली. इंजिन गुदमरलं आणि थांबलं. तिने ट्रकचं बटण बंद केलं, मग रिमोटचं.

"बंद कशाला केलंस? एवढा छान चालला होता!" शिवराम ओरडले.

"नव्हता छान. आई रिकामा मिक्सर फिरवते ना, तसा करत होता. तुम्हाला ऐकू नाही आलं?"

शिवरामांनी बाहीवरचा पट्टा पाहिला. मग ट्रक कॅरेटवर ठेवला आणि बाजूच्या विटांवर बसले.

"नाही आलं," ते म्हणाले.

पायल त्यांच्या शेजारी येऊन बसली. ती म्हणाली, "मी आईला नाही सांगणार. प्रॉमिस."

ते किती सोपं होतं! बाही दुमडली की झालं. पुढचा रविवार, त्याच्या पुढचा रविवार, आणि पोरगी विचारत राहणार, आजोबा, तुमचं काय म्हणणं? शिवरामांनी बाही दुमडायला घेतलीही. मग सोडून दिली.

"हाक मार आईला."

प्रीती ओल्या हातांनीच धावत खाली आली. "काय झालं? लागलं का कुणाला?"

"नाही. पण लागलं असतं." शिवरामांनी बाही पुढे केली. "प्रीती, मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. मी स्क्रू चुकीचा फिरवला. पोरीने बंद केलं म्हणून वाचलो."

प्रीतीने तो पट्टा बोटाने चाचपला. "तरीच टीव्ही एवढा मोठा! बाबा, सांगायचं ना हो. मला वाटायचं, मी बोलते ते तुम्हाला आवडत नाही, म्हणून उत्तर देत नाही."

प्रीती लेकीकडे वळली. "आणि तुला कसं कळलं गं, बंद कसं करायचं?"

"आजोबांनी शिकवलं. त्यांनी आधी बंद करायलाच शिकवलं. चालू करायचं तर आज सांगितलं."

प्रीतीने ओढणीला हात पुसले. एकदा ट्रककडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे.

"उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं. मी सुट्टी टाकते. चालतंय माझं, कशाला खर्च, असलं काही ऐकणार नाही."

"बरं."

"आणि हे आता परत नीट चालू करा. मी इथेच आहे."

शिवराम उठले. इंजिन गार होईस्तोवर त्यांनी पायलला समजावलं. स्क्रू आवळला की इंधन कमी, सैल केला की जास्त. कमी पडलं की इंजिन तापतं, पळत सुटतं. "मी पाण्याचा थेंब माथ्यावर टाकून बघेन. लगेच चर्र झाला तर जास्त तापलंय. ते डोळ्यांना दिसतं. बाकीचं तू सांगायचं. स्क्रू मी फिरवतो."

"पण मला कसं कळणार बरोबर कुठला?"

"मिक्सर रिकामा आहे की आत डाळ आहे, हे कळतं ना? मग कळेल."

रिमोट चालू झाला, मग ट्रक. दोरीचे दोन झटके, आणि इंजिनाने धरलं. शिवरामांनी स्क्रू पाव फेरा सैल केला आणि, आयुष्यात पहिल्यांदाच, इंजिनाऐवजी माणसाच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"आता?" त्यांनी विचारलं.

"चांगला वाटतोय की," प्रीती म्हणाली.

पायलने चिंधीचा हात वर करून दोघांनाही गप्प केलं. डोळे मिटले. मान किंचित कलती केली आणि ऐकू लागली.