टाचांची खूण

उडी मारायच्या आधीच इरावतीच्या टाचांची खूण वाळूत उमटली होती. निवड चाचणीच्या दिवशी प्रत्येकीची उमटते, तशी तिचीही. आज कोण कुठवर जाणार हे सकाळीच दिसत असल्यामुळे मैदानावर कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. इरावतीची खूण सगळ्यात लांब होती. राज्याच्या संघात लांब उडीची जागा एकच उरली होती, आणि उद्यापासून इरावती ज्युनियर गटाच्या वयात बसणार नव्हती.

मग वॉर्मअप सुरू झाला. जगदाळे सरांची जुनी शिस्त अशी, की जोडीने बसायचं. एकीने पाय लांब करून वाकायचं आणि दुसरीने तिच्या पाठीवर तळवा टेकून दाबत राहायचं. इरावतीची जोडीदार सुनेत्रा. बोलायला अगदी साखर.

"धर," सर म्हणाले. "अजून धर. सोडू नकोस."

इरावतीने पायांचे अंगठे धरले. मांडी ताणली गेली तशी वाळूतली तिची खूण वीतभर अलीकडे सरकली. सुनेत्राची खूण तेवढीच पलीकडे गेली. इरावतीच्या मनात पाल चुकचुकली.

"सर, माझी खूण मागं यायला लागलीय."

"खुणेकडं कशाला बघतीस? गुडघा वाकतोय तुझा, तिकडं बघ."

"मी काय केलंय का?" सुनेत्रा पाठीमागून म्हणाली. तिचा तळवा उबदार होता आणि जराही हलत नव्हता.

वर्षभर रोज हाच तळवा पाठीवर होता, आणि वर्षभर सुनेत्राच सुधारत होती. कुठेतरी पाणी मुरत होतं. आपणच रोज वाकून दिलं, याचा इरावतीला भयंकर राग आला. पाणी पिऊन येते म्हणून ती उठली ती टाकीमागे गेली. तिथे तिने काहीच ताणलं नाही. गुडघे छातीपर्यंत घेतले, लंगडी घातली, जागच्या जागी उड्या मारल्या.

टाकीआडून तिने वाळूवर नजर ठेवली. दर उडीला तिची खूण पुढे जात होती. मूळच्या जागी आली तेव्हा थांबायला हवं होतं. पण तिकडे सुनेत्राची खूण मागे मागे येत होती, आणि ते बघायला इरावतीला गोड वाटत होतं. सुनेत्राची खूण उडीच्या फळीला टेकली आणि पुसली गेली. इरावतीची खूण वाळू ओलांडून गवतात शिरली, कुंपणाच्या भिंतीवर चढली आणि पलीकडे उतरली.

तिच्या नावाचा पुकारा झाला. सुनेत्रा वाळूच्या कडेला मांडी घालून बसली होती, दोन्ही हात मांडीवर.

"आता तुला माझी गरज नाही," ती म्हणाली.

इरावती धावली. फळी पायाखाली वाजली. वाळू मागे गेली, गवत गेलं, भिंतीचा माथाही गेला. पलीकडे खूण कुठेच दिसेना. टाचा कुठे टेकायच्या ते तिला कळेना. तिने मान वळवली. खाली सुनेत्रा तशीच बसली होती, दोन्ही हात मांडीवर.

"धर," खालून सर म्हणाले. "अजून धर. सोडू नकोस."

इरावतीने हवेतच पाय लांब केले, वाकून अंगठे धरले. तिच्या पाठीवर उबदार तळवा टेकला.